कसेल त्याचा ड्रायव्हर

आंब्याचा हंगाम उलगडला आणि पावसाने जोर धरला की माझ्या टेबलावर जुने कॉम्प्युटर यायला लागतात. हंगामात त्यांना हात लावायची सोय नसते. मार्च ते मे पेट्या मोजायच्या, वाशीला गाड्या लावायच्या, बिलं काढायची. मशीन आचके देत असलं तरी दामटून चालवायचं. मग पावसाळ्यात ते जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षातून येतं. रत्नागिरीची हवा खारी. मिरकरवाड्याच्या बाजूला ज्यांचं घर आहे त्यांच्या मशीनमधल्या रॅमच्या सोनेरी पट्ट्या दोन पावसाळ्यांत काळवंडतात. शाळेतलं पांढरं खोडरबर घेऊन त्या घासल्या की निम्मी दुखणी तिथेच जातात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये असंच एक मशीन आलं. मालक बागायतदार, वयाने मोठे. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. पेंटियम ४, रॅम ५१२ एमबी, सोबत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि त्याची पंचवीस पिनांची, अंगठ्याएवढी जाड केबल. हार्ड डिस्क गेली होती. डिस्क बदलता येते, पण तीवर नव्याने काहीतरी घालावं लागणार होतं. विंडोज एक्सपी घालून ते मशीन इंटरनेटला जोडणं म्हणजे घराला कडी न लावता गावाला जाणं. मी म्हटलं, डेबियन लिनक्स घालू. नवी तेरावी आवृत्ती ९ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेच्या सुमारास, नुकतीच आली होती. डाउनलोड करायला गेलो तर ३२ बिट मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही. कर्नेलही नाही. डेबियन १३ पासून ते खातं बंद.

मग बारावी आवृत्ती शोधली आणि घातली. तात्यांचा बिलांचा जुना डॉस प्रोग्राम एका नकली डॉसमध्ये सुरू केला. सुरुवातीला पडद्यावर ओळी धावतात त्यांत पॅरलल पोर्ट ३७८ या पत्त्यावर सापडल्याची ओळ दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. प्रिंटर खर्रर करत बिल काढू लागला, कार्बन लावून तीन प्रती. लेझर प्रिंटर फुकट दिला तरी तात्यांना नको, कारण लेझरला कार्बन चालत नाही. कागदावर सुई आपटल्याशिवाय खालच्या प्रतीवर ठसा उमटत नाही.

तात्यांनी बिल हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "आता हे किती वर्षं चालंल, भाऊ?"

डेबियन १२ ची दीर्घकालीन डागडुजी जून २०२८ पर्यंत जाहीर झालेली आहे, तेवढं मी सांगितलं. त्यांना ते पुरेसं वाटलं. मला मात्र त्या प्रश्नाने पछाडलं. पोर्ट शाबूत, प्रिंटर शाबूत, प्रोग्राम शाबूत. मग चालणं थांबवतं कोण, आणि कशाच्या आधारावर?

उत्तर शोधायचं तर कर्नेलपासून सुरुवात करावी लागते. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लष्करातला कर्नल वेगळा. प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामध्ये हा गाभा बसलेला असतो. कुणाला किती मेमरी, कुणाची पाळी आधी, डिस्कवर कुठे लिहायचं, सगळं त्याच्या हातात. प्रत्येक यंत्रभागाची बोली वेगळी, म्हणून त्याच्या पोटात हजारो दुभाषे असतात. ते ड्रायव्हर. लिनक्सचं कर्नेल आज चार कोटी ओळींच्या आसपास गेलं आहे आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी या ड्रायव्हरांच्या आहेत. १९९१ च्या २५ ऑगस्टला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जगाला कळवलं तेव्हा हे सगळं एकाच जातीच्या मशीनसाठी होतं, इंटेल ३८६. दुसऱ्या यंत्रांवर ते नेण्याजोगं नाही, असं त्याने स्वतःच सांगून टाकलं होतं.

आता आपल्याकडचं उदाहरण घेतो. कोकणात बंद घरं काही कमी नाहीत. मालक मुंबईला, वर्षातून एकदा गणपतीला येणार. बाहेरून बघाल तर घर उभं आहे. कौलं जागेवर, दाराला कुलूप, घरपट्टी भरलेली. पण शाकारणी कुणी केली नाही, चार वर्षं चुलीचा धूर वाशांना लागलेला नाही, आणि आत वाळवीने आढं पोखरलंय. मालक परळला बसून छातीठोकपणे सांगतो, "गावाला घर आहे आमचं." आहे खरं. त्यात झोपायचं धाडस करायचं की नाही, हे शेजाऱ्याला विचारावं.

कर्नेलमध्ये अशी बंद घरं शेकड्यांनी असतात. तिथली वाळवी बाहेरून येत नाही हेच मजेचं आहे. घर पोखरतात ते घरचेच लोक, तेही दुरुस्तीच्या नावाखाली.

कसं ते सांगतो. समजा, एखाद्या प्रोग्रामरने ठरवलं की ड्रायव्हरांनी वेळ मोजण्यासाठी जे टायमर वापरायचे त्यांची पद्धत बदलायची. बदल योग्य आहे, जुनी पद्धत धोक्याची होती. पण ती वापरणारे ड्रायव्हर आठशे. लिनक्समध्ये नियम असा की आतली व्यवस्था बदलणाऱ्याने ती वापरणारे सगळे कोपरे स्वतः नीट करून द्यायचे. म्हणून तो आठशेच्या आठशे फाइली उघडतो आणि बदलतो. त्याच्याकडे यातली यंत्रं किती असतील? पाच, फार तर दहा. बाकीच्या ठिकाणी तो फक्त मजकूर बदलतो आणि कंपाइल होतंय का ते बघतो. कंपाइल होणं म्हणजे व्याकरण बरोबर असणं. "म्हैस झाडावर चढली" या वाक्याचं व्याकरण अचूक आहे. असे बदल वर्षातून अनेकदा होतात, दहा-पंधरा वर्षं होत राहतात, आणि एका बदलात कुठेतरी एक शून्य हुकतं. ज्याच्याकडे ते यंत्र आहे तो सात वर्षं जुनं कर्नेल वापरत सुखात आहे. त्याला कळत नाही, म्हणून तो कळवत नाही, म्हणून कुणालाच कळत नाही.

कंपाइल करून बघण्याचं काम आता यंत्रंच करतात. इंटेलचा एक रोबो येणारा प्रत्येक पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, नाना तऱ्हांनी कंपाइल करून पाहतो आणि चूक दिसली की पत्र पाठवतो. उपयुक्त आहे, पण त्यामुळे एक भ्रमही पोसला जातो. सगळीकडे हिरवी खूण दिसते आणि ड्रायव्हर जिवंत आहे असं वाटतं. खऱ्या यंत्राला वीज लावून पाहणारा माणूस तिथे कुणी नसतो.

नकली, म्हणजे सॉफ्टवेअरनेच उभ्या केलेल्या यंत्रावर तपासता येतं की, असं कुणी म्हणेल. काही प्रमाणात येतं. फ्लॉपीचंच बघा. ती साडेतीन इंची चौकोनी तबकडी: दोन बाजू, प्रत्येकीवर ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात १८ खण, प्रत्येक खणात ५१२ बाइट. गुणाकार केला तर १४,७४,५६० बाइट. ती वाचायची तर आधी मोटर सुरू करायची, ती वेग धरेपर्यंत थांबायचं, डोकं योग्य वर्तुळावर सरकवायचं, ते स्थिरावेपर्यंत पुन्हा थांबायचं. ड्रायव्हरचं अर्धं आयुष्य वाट पाहण्यात जातं. नकली फ्लॉपीला मोटरच नाही. तिच्या डोक्यावर धूळ बसत नाही, बुरशी येत नाही (आमच्याकडे जुलैमध्ये फ्लॉपीवर पांढरी नक्षी यायची, ती अजून आठवते). म्हणजे नकली यंत्रावर पास झालेला ड्रायव्हर खऱ्यावर नापास होऊ शकतो, आणि नेमका वाट पाहण्याच्या जागी होतो.

लिनक्सच्या फ्लॉपी ड्रायव्हरची पहिली अक्षरं टोरवाल्ड्सनेच १९९१ मध्ये लिहिली. २०१९ च्या जुलैमध्ये त्यानेच त्यावर 'अनाथ' असा शिक्का मारला. कर्नेलसोबत एक फाइल येते, मेंटेनर्स नावाची. कुठला भाग कोण सांभाळतं याची ती खतावणी. तीत प्रत्येक भागापुढे त्याची अवस्था लिहिलेली असते: पगारी माणूस सांभाळतो, कुणीतरी सांभाळतं, जमेल तशी डागडुजी होते, अनाथ, कालबाह्य. फ्लॉपी सांभाळणाऱ्याने कळवलं होतं की त्याच्याकडे आता चालू फ्लॉपी ड्राइव्हच उरलेली नाही. बाजारात मिळतात त्या यूएसबीच्या, त्या या ड्रायव्हरला विचारतच नाहीत. तरी ड्रायव्हर काढला नाही, कारण नकली मशीनांमध्ये फ्लॉपी अजून वापरात होती. पुढे डेनिस येफ्रेमोव्ह या प्रोग्रामरने तो दत्तक घेतला. सुमारे पाच हजार ओळींचं पोर.

न वापरलेली खोली नुसती पडून असते असं समजू नका. तिचं मागचं दार उघडं असू शकतं. २०१५ च्या मे महिन्यात 'व्हेनम' नावाची एक चूक उघड झाली. ती कर्नेलमध्ये नव्हती, क्यूएमू या नकली मशीन बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये होती. पण गोष्ट तीच. नकली फ्लॉपीच्या कोडमध्ये ती २००४ पासून होती. भाड्याने घेतलेल्या एका नकली मशीनमध्ये बसून, फ्लॉपीच्या वाटेने, मालकाच्या खऱ्या मशीनमध्ये घुसता येत होतं. ज्यांच्या सर्व्हरला ती लागू होती त्यांच्यातल्या बहुतेकांनी फ्लॉपी हा शब्द दहा वर्षांत उच्चारला नसेल. जुना कोड ठेवायला काय जातंय, असं म्हणणाऱ्याला मी हे उदाहरण देतो.

किंमत अशी वाईट दिवशीच मोजावी लागते असंही नाही. ती रोज थोडी थोडी जाते. ३८६ चं प्रकरण त्यासाठी जवळून बघण्यासारखं आहे.

लिनक्समध्ये एका प्रोग्रामपासून दुसरा जन्मतो तेव्हा पहिल्याची सगळी मेमरी लगेच नकलून घेत नाहीत. ते महागात पडतं. त्याऐवजी दोघांना एकच पानं दाखवतात आणि त्यांवर 'फक्त वाचा' अशी खूण करतात. सामाईक सातबाऱ्यासारखं. दोघे भाऊ जमिनीतून येजा करोत, हरकत नाही. ज्या दिवशी एकजण कुदळ उचलेल त्या दिवशी मोजणी आणून त्याचा पोटहिस्सा वेगळा करायचा. कुदळ उचलली हे कळवण्याचं काम प्रोसेसरचं: 'फक्त वाचा' पानावर कुणी लिहायला गेलं की तो काम थांबवून कर्नेलला हाक मारतो.

३८६ मध्ये गोम होती. साधा प्रोग्राम लिहायला गेला तर तो अडवायचा. खुद्द कर्नेल लिहायला गेलं तर मात्र बघूनही न बघितल्यासारखं करायचा. साहेबच आहेत, त्यांना काय अडवायचं! आता फाइल वाचून त्यातला मजकूर प्रोग्रामच्या मेमरीत टाकण्याचं काम कर्नेलच करतं. म्हणजे कर्नेल एका भावाच्या नावाने सामाईक जमिनीत खणणार आणि दुसऱ्या भावाचं शेत उखडलं जाणार, हाक कुणीच मारणार नाही. म्हणून ३८६ वर चालताना कर्नेलला प्रत्येक वेळी लिहिण्याआधी पान स्वतः तपासावं लागे. १९८९ च्या ४८६ मध्ये इंटेलने एका बिटाची सोय देऊन ही गोम काढली. पण ३८६ चालवायचं म्हटल्यावर ती तपासणी कर्नेलमध्ये राहिली. त्यातच, एका दमात 'तुलना कर आणि बदल' ही आज्ञाही ३८६ ला नव्हती. तीही मागच्या दाराने भागवावी लागे. मेमरीच्या कोडमध्ये कुणीही काही सुधारायला गेलं की या जुन्या खुंट्यांना धोतर अडकायचं.

२०१२ च्या डिसेंबरमध्ये इंगो मोलनार या हंगेरियन प्रोग्रामरने ३८६ काढून टाकणारे पॅच पाठवले आणि टोरवाल्ड्सने ते घेतले. ज्या मशीनवर लिनक्स जन्मलं ते त्याचं ३८६ डीएक्स-३३ आता नवं लिनक्स चालवू शकणार नव्हतं. त्याचं त्याला सुतक नव्हतं. फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून ३८६ बाहेर. इंटेलने तर ती चिप बनवणं २००७ मध्येच थांबवलं होतं. २०२५ मध्ये त्याच मोलनारने ४८६ साठीही तसेच पॅच मांडले.

आमच्या पिढीला कूळकायदा शाळेत शिकवला गेला. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. कसेल त्याची जमीन. कोकणात त्यावरून किती घरांत अबोला धरला गेला ते वेगळं सांगायला नको. लिनक्समध्ये हाच कायदा आहे, फक्त त्याचं कलम कुठे छापलेलं नाही. जो कसेल त्याचा ड्रायव्हर. मालकी कंपनीची असो, चिप कितीही नामांकित असो, कुणी कसत नसेल तर ती जमीन पडीक. आणि यंत्राचं वय या हिशोबात जवळजवळ येतच नाही.

दोन प्रोसेसर शेजारी ठेवा. एक इटॅनियम. २००१ मध्ये इंटेलने आणि एचपीने गाजावाजा करून आणलेला, ६४ बिटांचा, मोठमोठ्या सर्व्हरांसाठीचा. दुसरा मोटोरोला ६८०००, १९७९ चा, ज्याच्या पुढच्या भावंडांवर अमिगा आणि अटारी ही घरगुती मशीनं चालत. इटॅनियम २०२१ मध्ये लिनक्सच्या खतावणीत अनाथ झाला. त्याच वर्षी इंटेलने शेवटचे नग पाठवले. ६.६ ही दीर्घकाळ सांभाळायची आवृत्ती निघेपर्यंत थांबले आणि लगेच पुढच्या ६.७ मधून, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये, तो काढला. ६८००० चा वंश मात्र आजही कर्नेलमध्ये आहे. खीर्ट उइटरहुवेन हे बेल्जियन गृहस्थ वर्षानुवर्षं तो सांभाळताहेत आणि जुन्या अमिगांवर नवं कर्नेल चढवून बघणारी हौशी मंडळी त्यांना काय चाललं, काय मोडलं ते कळवत असतात. अब्जावधी डॉलर ओतलेली चिप गेली आणि पोराटोरांच्या खेळाची राहिली.

काढण्याची रीत बरीच सभ्य आहे, हे मान्य केलं पाहिजे. २०१८ मध्ये आर्न्ड बर्गमान यांनी एका झटक्यात आठ प्रोसेसर-घराणी बाहेर काढली: ब्लॅकफिन, क्रिस, एफआरव्ही, एम३२आर, मेटाग, एमएन१०३००, स्कोअर आणि टाइल. जवळपास पाच लाख ओळी ४.१७ आवृत्तीत कमी झाल्या. पण त्याआधी त्यांनी प्रत्येक घराण्याच्या सांभाळकर्त्याला विचारलं होतं. बहुतेकांनी 'काढा' म्हणून सांगितलं; काही तर कंपनी सोडून गेले होते, आता त्यांच्याकडे बोर्डही नव्हता. इतरांच्या बाबतीत आधी खतावणीत शेरा, मग बांधणीच्या यादीत 'मोडलेलं' अशी खूण, काही वेळा जायच्या वाटेवरच्या वेगळ्या फोल्डरात मुक्काम, आणि दीर्घकाळ चालणारी एखादी आवृत्ती सुटल्यावर शेवटचा निरोप. त्या आवृत्तीवर राहणाऱ्याला आणखी काही वर्षं मिळतात.

परत येण्याची वाटही असते. हिताची कंपनीच्या एच८/३०० या छोट्या प्रोसेसरचं पाहा. ३.१३ मध्ये काढला, ४.२ मध्ये २०१५ साली नव्या कोडसकट परत घेतला, २०२२ च्या ५.१९ मध्ये पुन्हा काढला. चाकरमान्यासारखी येजा. काढलेला कोड इतिहासात जपलेला असतो, तो एका आज्ञेने परत आणता येतो असं सांगतात. ते पहिल्या महिन्यापुरतं खरं. दोन वर्षांनी आजूबाजूचं सगळं बदललेलं असतं आणि जुनी चौकट नव्या भिंतीत बसत नाही.

बाहेर राहिलेल्या कोडचे हाल पुण्यात बघितले गेले आहेत. कर्नेलच्या चुका शोधण्यासाठी केजीडीबी नावाचं साधन आहे. दोन मशीनं सीरियल केबलने जोडायची आणि एकावरून दुसऱ्याच्या कर्नेलची नाडी बघायची. अमित काळे यांनी पुण्यातून ते काही वर्षं सांभाळलं, तेव्हा ते कर्नेलच्या मुख्य घरात नव्हतं. टोरवाल्ड्सला अशा साधनांची आवड नव्हती. घराबाहेर असल्यामुळे कर्नेलची आवृत्ती बदलली की पॅच नव्याने बसवायचा. २००८ मध्ये, २.६.२६ आवृत्तीत, दुसऱ्यांच्या हातून ते शेवटी आत गेलं.

पुण्यातलीच आणखी एक गोष्ट सांगतो, ती थेट कर्नेलची नाही. सी-डॅकचं जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम सी-डॅकने १९८८ नंतर पुढे नेलं आणि डॉसच्या मशीनमध्ये बसवायचं कार्ड आलं. ते लावलं की इंग्रजी पडद्यावर देवनागरी उमटायची. मराठी अक्षर दिसण्यासाठी वेगळं यंत्र विकत घ्यावं लागे, हे आजच्या पोरांना पटत नाही. विंडोज आलं, अक्षरं सॉफ्टवेअरनेच काढता येऊ लागली, आणि कार्डाचं काम संपलं. पण त्यामागचा अक्षरांचा तक्ता, इस्की, भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मानक केला आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच्या १९८८ च्या रूपावरून घेतली. आज मोबाइलवर 'क' आणि 'ख' ज्या क्रमाने बसलेत तो त्या कार्डाच्या घराण्यातला क्रम आहे. पत्रा गेला, तक्ता टिकला. डीटीपीवाल्यांचे हाल मात्र झाले. मराठी सॉफ्टवेअरचं कुलूप म्हणून पॅरलल पोर्टला लावायचा डाँगल यायचा. त्या डाँगलपायी विंडोज ९८ चं मशीन प्लास्टिक घालून जपणारे छापखानेवाले मी रत्नागिरीच्या राम आळीच्या आसपासच पाहिले आहेत.

पॅरलल पोर्टावरून आठवलं, आणि ही मला या सगळ्यांतली सर्वांत आवडती हकिगत आहे. नव्वदच्या दशकात डिस्क, सीडी, टेप असं काहीबाही प्रिंटरच्या पोर्टाला जोडायची टूम होती. त्यासाठीचे ड्रायव्हर, पॅराइड नावाचे, कर्नेलमध्ये वीस-पंचवीस वर्षं पडून होते. ते काढायची चर्चा सुरू झाली. एवढ्या जुन्या खोक्यांना कोण विचारतंय? ओंद्रेय झारी नावाच्या एका स्लोव्हाक प्रोग्रामरने विचारलं. त्याच्याकडे ती खोकी खरोखर होती. त्याने जुनाच कोड राखायचा हट्ट धरला नाही. कर्नेलमधल्या आताच्या डिस्क-व्यवस्थेवर बसेल असा नवा ड्रायव्हर लिहिला, खऱ्या यंत्रांवर चालवून पाहिला आणि २०२३ मध्ये तो ६.३ आवृत्तीत गेला. जुने ड्रायव्हर त्याच वेळी निघाले. एका माणसाने एवढं केलं.

आता आपलं. लिनक्सच्या कर्नेलमध्ये कोण काय वापरतं याची शिरगणती नाही. ते गुपचूप कुठे माहिती पाठवत नाही, आणि ते चांगलंच आहे. त्यामुळे कुठला ड्रायव्हर वापरात आहे हे ठरतं पत्रांवरून. जर्मनीतला एक हौशी माणूस महिन्याला चार पत्रं लिहितो, त्याचं कपाटातलं यंत्र 'वापरात' ठरतं. चिपळूण, लांजा, राजापूरच्या दुकानांतली रोज बिलं काढणारी मशीनं कुणाच्या खिजगणतीत नसतात, कारण इकडून पत्र जात नाही. मौन म्हणजे संमती, हे तिथे अक्षरशः खरं आहे. 'कुणी वापरतं का?' असं विचारून कर्नेल सांभाळणारे दोन-चार महिने थांबतात. उत्तर आलं नाही की काढतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. ज्या घराचं दार वाजवूनही कुणी उघडत नाही ते घर बंदच धरायचं.

मला विचाराल तर काढणाऱ्यांच्या बाजूने माझं मत जास्त झुकतं. मोडलेला ड्रायव्हर 'आहे' म्हणून मिरवण्यापेक्षा 'नाही' असं स्वच्छ सांगितलेलं बरं. तात्यांसारख्या माणसाला निदान तारीख तरी सांगता येते. ३२ बिटांची तारीख तर एका अर्थाने आधीच ठरलेली आहे. जुन्या पद्धतीने सेकंद मोजणाऱ्या ३२ बिटी प्रोग्रामांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भरतं. तोवर तात्यांचा प्रिंटर चालू असेल, याबद्दल मला शंका नाही; त्या प्रिंटरला मरण नाही.

तेव्हा वाचकांना एक काम सांगतो. माळ्यावर किंवा दुकानात एखादं जुनं यंत्र अजून लिनक्सवर चालत असेल, तर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, त्यावर एकदा ताजं कर्नेल चढवून बघा. जुनं ठेवूनच चढवा, म्हणजे फसलं तर परतता येतं. चाललं नाही तर कळवा, आणि चाललं तर नक्की कळवा. पॅच तपासून चालल्याचं कळवणाऱ्याचं नाव 'टेस्टेड-बाय' म्हणून कर्नेलच्या इतिहासात कायमचं लिहिलं जातं. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं, तिथले निम्मे लोक तेच लिहितात. कुणाला लिहायचं ते मेंटेनर्स नावाच्या फाइलमध्ये आहे. तुमच्या ड्रायव्हरचं नाव शोधा, आणि त्यापुढे 'ऑर्फन' लिहिलेलं दिसलं तर पत्र त्याच दिवशी धाडा.